ओढ आणि रेटा

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रातील व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन, वक्त्यांनी तपासून दिलेले.)



संयोजक मंडळींनी मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, अर्ध्या तासात आटप, कारण जेवण तयार आहे. दुसरी, विषयाला ‘मैत्रीचं भौतिकशास्त्र’ असं नाव दे, म्हणजे लोक बसतील. पहिली मी मान्य केली, दुसरी नाही. आज मी ज्या कणांबद्दल बोलणार आहे त्यांना मैत्री कळत नाही आणि वैरही कळत नाही. त्यांच्यावरून आपल्या आयुष्याला उपमा काढायला बसलो की कणही नीट समजत नाहीत आणि माणसंही. तेव्हा तेवढा मोह टाळू या.

गेली तीस वर्षं मी ‘मृदू पदार्थ’ या शाखेत काम करते. नाव ऐकून लोकांना कापूस किंवा लोणी आठवतं. लोणी चालेल. दूध, दही, भिंतीचा रंग, शाई, साबणाचा फेस, नदीचा गाळ, रक्त हे सगळं त्यात येतं. अतिशय बारीक कण किंवा लांबलचक रेणू द्रवात विखुरलेले असतात, असे हे पदार्थ. आपल्या पुस्तकात ‘कलिल’ म्हणून एक परिच्छेद होता, आठवतो का? परीक्षेला दोन मार्कांना यायचा. मी त्या दोन मार्कांवर जन्मभर पोट भरलं.

आता इकडे टेबलाकडे बघा. मागच्या लोकांसाठी वर मोबाइल बांधून पडद्यावर दाखवतोय. ही स्वयंपाकाकडून मागून आणलेली परात, तिच्यात पाणी. या थर्माकोलच्या छोट्या चकत्या, प्रत्येकीत शिवणाची एक सुई उभी खोचलेली. काल रात्री मी सगळ्या सुया चुंबकावर एकाच दिशेने घासल्या, त्यामुळे सगळ्यांची वरची टोकं उत्तर ध्रुव झाली आहेत. दोन सोडते. बघा, एकमेकींपासून दूर पळाल्या आणि काठाला जाऊन टेकल्या. चार सोडल्या तरी तेच, सगळ्या काठाला. आता जुन्या स्पीकरमधून काढलेलं हे चुंबक मी परातीवर मधोमध धरते, दक्षिण ध्रुव खाली. हळूहळू सगळ्या मध्याकडे येतात, पण एकमेकींना चिकटत नाहीत. तीन असल्या तर त्रिकोण. चार, चौकोन. पाच, पंचकोन, पण पाणी जरा हलवलं तर कधीकधी चौघी चौकोनात आणि एक मध्ये, असंही होतं. सहावी टाकते. ती बाहेरच्या रांगेत मावत नाही. पाच बाहेर, एक मधोमध. सातवी टाकली की सहा बाहेर, एक मध्ये. हा नीट षटकोन झाला. मी यातली एकही सुई हाताने लावलेली नाही.

हा प्रयोग माझा नाही. अमेरिकेतल्या आल्फ्रेड मेयर नावाच्या प्राध्यापकाने १८७८ मध्ये तो बुचांमध्ये सुया खोचून केला. पुढे जे. जे. थॉमसन अणूतले इलेक्ट्रॉन कसे मांडलेले असतील याचा विचार करत होते, तेव्हा १९०४ मध्ये त्यांनी मेयरच्या याच आकृत्यांचा आधार घेतला. त्यांचं अणूचं चित्र पुढे टिकलं नाही, सुयांचा प्रयोग मात्र टिकला.

यात दोन बळं आहेत. सुयांचा एकमेकींना रेटा आणि वरच्या चुंबकाची ओढ. नुसता रेटा असता तर सगळ्या काठाला. नुसती ओढ असती तर चुंबकाखाली एक गुंता. दोन्ही एकाच वेळी, एकमेकांच्या विरुद्ध, आणि दोन्हींचा अंतराबरोबर बदलण्याचा हिशेब वेगळा. तेव्हाच सुयांना थांबायला जागा मिळते. आकृती कुठल्याही एका बळात लिहिलेली नसते. ती त्या दोघांच्या तडजोडीतून येते. माझ्या विषयात याला स्पर्धक बळांतून होणारी आपोआप रचना म्हणतात. पुढचं सगळं व्याख्यान याच वाक्याचा विस्तार आहे, आणि ज्यांना झोप येतेय त्यांनी इथे झोपायला हरकत नाही.

परातीतल्या सुया डोळ्यांना दिसतात. आता जे दिसत नाही तिथे जाऊ. पावसाळ्यात आपल्या वैनगंगेचं पाणी कसं यायचं ते सगळ्यांना आठवतं. दूध घातलेल्या चहासारखं. आजी पाण्याच्या गुंडात तुरटीचा खडा तीन-चार वेळा फिरवायची आणि सकाळपर्यंत गाळ तळाला, वर नितळ पाणी. आपण हे इतक्या वेळा पाहिलं की कधी विचारलंच नाही: तुरटी नसती तर गाळ आपोआप खाली का बसला नसता? माती तर पाण्यापेक्षा अडीचपट जड.

हिशेब सोपा आहे. मातीचा २ मायक्रॉनचा कण, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग, स्थिर पाण्यात दिवसाला साधारण ३० सेंटिमीटर खाली जातो. म्हणजे गुंडाच्या तळाशी जायला एक दिवस. कण दसपट लहान केला की वेग शंभरपट कमी होतो. म्हणजे शंभर दिवस. त्याहून बारीक असेल तर तो बसतच नाही, कारण पाण्याचे रेणू त्याला सतत चहूबाजूंनी धक्के देत राहतात. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची ही थरथर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने तिचं गणित मांडलं, आणि पॅरिसमध्ये झां पेरँ यांनी डिंकासारख्या रेझिनचे बारीक गोळे मोजून ते तपासलं. रेणू खरोखर असतात, हे त्या मोजणीने शेवटच्या शंकेखोरांनाही पटलं. पेरँ यांना १९२६ चं नोबेल मिळालं.

तर हे बारीक कण सतत हलतात, सतत एकमेकांवर आदळतात. आदळल्यावर चिकटले तर मोठे होतील, आणि मोठे झाले की बसतील. चिकटायला हरकत नाही, कारण कुठल्याही दोन कणांमध्ये अगदी जवळ आल्यावर एक ओढ असतेच. तिला व्हान डर वाल्स आकर्षण म्हणतात. मग चिकटत का नाहीत? कारण पाण्यात मातीच्या कणांवर ऋण प्रभार असतो. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, आपल्या सुयांसारखे. ओढ अगदी जवळून काम करते, रेटा लांबूनच अडवतो. कण चिकटण्याइतका जवळ पोचतच नाही.

आता गंमत इथे आहे. हा रेटा किती लांबून जाणवतो ते पाण्यात विरघळलेल्या क्षारांवर ठरतं. अगदी शुद्ध पाण्यात त्याचा पल्ला जवळजवळ १ मायक्रॉन. पाण्यात मीठ घातलं की मिठाचे धन आयन कणाभोवती गोळा होतात आणि त्याचा प्रभार बाहेरून दिसेनासा करतात, बुरखा घातल्यासारखा. समुद्राच्या पाण्यात हा पल्ला अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी होतो, म्हणजे दोन-अडीच हजारपट आखूड. म्हणून गढूळ नदी खाडीत समुद्राला भेटते तिथे गाळ गोळा होऊन बसतो. कोकणात ज्यांची सासरं आहेत त्यांनी खाडीतला तो मऊ चिखल पाहिला असेल, पाय गुडघ्यापर्यंत जातो. नदीने वाहून आणलेली माती तिथे रेटा हरवून बसलेली असते.

तुरटीत मिठापेक्षा जोर जास्त, कारण तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या आयनावर तीन प्रभार असतात. सिद्धांताचा हिशेब असा, की कण गोळा करायला एक प्रभाराचे आयन जेवढे लागतात, त्याच्या ६४ वा भाग दोन प्रभारांचे पुरतात आणि ७२९ वा भाग तीन प्रभारांचे. शिवाय तुरटीपासून पाण्यात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा चिकट साका तयार होतो, तोही जाताजाता कण गोळा करून नेतो. आजीचा खडा तीन-चार वेळाच का फिरायचा आणि मिठाची मूठ का नाही लागायची, याचं उत्तर त्या ७२९ मध्ये आहे.

हा सिद्धांत कोणाचा, तर चौघांचा. सोव्हिएत संघात डेरियागिन आणि लँडाऊ यांनी १९४१ मध्ये, आणि हॉलंडमध्ये फेरवे आणि ओव्हरबीक यांनी युद्धकाळात, जर्मन ताब्यातल्या देशात बसून. दोन्हीकडच्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. डच जोडीचं पुस्तक १९४८ मध्ये आलं. आज चौघांच्या आद्याक्षरांनी तो सिद्धांत ओळखला जातो.

दुधाचं दही लागतं तेही याच घरातलं. केसिनच्या गोळ्यांवर प्रथिनांचे बारीक केस असतात, त्यांच्यामुळे गोळे एकमेकांपासून दूर राहतात. विरजणातल्या जिवाणूंच्या आम्लाने पीएच ६.७ वरून ४.६ कडे उतरला की प्रभार संपतो, केस आडवे पडतात आणि गोळे एकमेकांना धरून जाळं करतात. यावर मी एरवी तासभर बोलते. आज नको.

आतापर्यंतच्या गोष्टीत शेवटी कोणीतरी जिंकतं. रेटा जिंकला तर गढूळ पाणी, ओढ जिंकली तर गाळ. माझ्या विषयातला सगळ्यात रंजक भाग मधला आहे, जिथे दोघांपैकी कोणी पूर्ण जिंकत नाही. समजा, कणांमध्ये जवळून घट्ट ओढ आहे आणि लांबून सौम्य रेटा आहे. दोन कण भेटले, चिकटले. तिसरा आला. चौथा आला. ओढ फक्त लगतच्या शेजाऱ्यांची, त्यामुळे नव्या कणाला तिच्यातून होणारा फायदा एका मर्यादेनंतर वाढत नाही. रेटा मात्र गोळ्यातल्या सगळ्या कणांचा एकदम लागतो, आणि गोळा मोठा होत जातो तसा वाढत जातो. म्हणजे एक वेळ अशी येते की पुढच्या कणाला आत येण्यात तोटा. गोळा तिथे थांबतो. मग द्रवात एकच मोठा गठ्ठा न होता ठरावीक मापाचे पुष्कळ छोटे गोळे होतात. कणांची संख्या वाढवली तर गोळ्यांऐवजी दोऱ्या, आणखी वाढवली तर पट्टे. चुंबकी द्रव दोन काचांमध्ये धरून चुंबक लावला की काळ्या नागमोडी वाटांचा भुलभुलैया होतो. तोही याच जातीचा, तिथे पृष्ठताण आणि चुंबकी रेटा भांडतात.

साबण तर ही स्पर्धा एकाच रेणूत घेऊन फिरतो. त्याची शेपटी तेलकट, ती पाण्यातून लपायला बघते आणि इतर शेपट्यांजवळ जाते. डोकं प्रभारित, ते इतर डोक्यांना दूर ठेवतं. शेपट्या आत, डोकी बाहेर, असा चेंडू होतो, आणि नेहमीच्या शांपूतल्या रेणूंचा असेल तर त्यात साधारण साठेक रेणू बसतात. सहाशे नाहीत, सहा नाहीत. रिठ्याचा फेसही याच कुळातला.

प्रथिनांमध्ये असे ठरावीक मापाचे गोळे होतात का, यावर मोठा वाद झाला. २००४ मध्ये स्ट्राडनर आणि सहकाऱ्यांनी अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइमच्या द्रावणात असे गोळे असल्याचं ‘नेचर’मध्ये छापलं. २००८ मध्ये दुसऱ्या गटाने तेच प्रयोग पुन्हा करून सांगितलं, की गोळे नाहीतच, तुम्ही मोजणीचा अर्थ चुकीचा लावला. मग तिसरे आले आणि म्हणाले, परिस्थितीनुसार दोन्ही शक्य आहे. माझ्या मते तिसऱ्यांचं बरोबर. पण तुम्हाला हे सांगण्याचं कारण वेगळं आहे. ओढ आणि रेटा जेव्हा जवळपास तुल्यबळ असतात तेव्हा थोडासा फरक, थोडं मीठ, थोडं तापमान, सगळं चित्र फिरवतो. आणि हा थोडासा फरक कधीकधी माणसाच्या रक्तात असतो.

ज्या कारणासाठी मी हा विषय निवडला तिकडे आता येते.

आपल्या वर्गात खिडकीकडच्या दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. बऱ्याच जणांना आठवेल. नाव घेत नाही, कारण तिच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही. हिवाळ्यात ती आठ-आठ दिवस यायची नाही, आणि आली की पाय ओढत यायची. डोळे पिवळसर. कोणी कावीळ म्हणायचं, कोणी वात, कोणी बाहेरचं. अभ्यासाचा कंटाळा आहे, असंही म्हणणारे होते. नववीची सहामाही तिने दिली, वार्षिक दिली नाही. पुढे दहा-बारा वर्षांनी तिच्या धाकट्या भावाची रक्ततपासणी झाली आणि त्याला सिकलसेल निघाला. तिचं रक्त कोणी तपासलंच नव्हतं. पण आता मागे वळून पाहिलं की सगळी लक्षणं तीच होती.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल हा शब्द आता नवा नाही. पण तो आजार म्हणजे नेमकं काय, हे भौतिकशास्त्राच्या बाजूने सांगायची संधी मला क्वचित मिळते.

तांबड्या रक्तपेशीत वजनाने जवळजवळ एक तृतीयांश हिमोग्लोबिन असतं. एका पेशीत सुमारे २७ कोटी रेणू. एक रेणू ५ ते ६ नॅनोमीटरचा, आणि शेजाऱ्यापर्यंतची मोकळी जागा त्याच्या स्वतःच्या रुंदीपेक्षा कितीतरी कमी. पोळ्याच्या दिवशीच्या बाजारासारखी दाटी. इतक्या दाटीतही निरोगी हिमोग्लोबिन चिकटत नाही, म्हणून ८ मायक्रॉनची पेशी तिच्याहून अरुंद केशवाहिनीतून वाकून, दुमडून निघून जाते. तिचं सगळं कौशल्य त्या मऊपणात आहे.

हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या आणि ५७४ अमिनो आम्लं असतात. सिकलसेलमध्ये त्यातली फक्त दोन बदललेली असतात: दोन्ही बीटा साखळ्यांतलं सहावं अमिनो आम्ल. निरोगी रक्तात तिथे ग्लुटामिक आम्ल असतं, त्यावर ऋण प्रभार, पाण्याशी पटणारं. त्याच्या जागी व्हॅलिन येतं. व्हॅलिनवर प्रभार नाही, आणि ते तेलकट आहे. म्हणजे एका जागी थोडा रेटा गेला आणि थोडी ओढ आली. बस, एवढंच.

शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० मध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन छापलं. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं, म्हणजे त्याचा प्रभार वेगळा आहे. आजाराचं मूळ एका रेणूत आहे, हे त्यांनी पहिल्यांदा म्हटलं. १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी तो रेणू तुकडे करून नेमकं कुठलं अमिनो आम्ल बदललंय ते शोधलं.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण ही रचना मला आजवर पाहिलेल्यांपैकी सगळ्यात विलक्षण आणि सगळ्यात दुष्ट वाटते. (कणांना दुष्टपणा कळत नाही, हे मीच सुरुवातीला सांगितलं. तरीही.) त्या व्हॅलिनला बसायला शेजारच्या रेणूवर एक खोबण लागते. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन धरलेला असतो तेव्हा दोघांचं जुळत नाही. पेशी स्नायूत जाते, ऑक्सिजन देऊन टाकते, तेव्हा रेणूचा आकार किंचित बदलतो आणि खोबण बरोबर समोर येते. म्हणजे नेमकं काम केल्यावरच रेणू चिकटायला लागतात. आणि चिकटण्याची जागा एकच ठरावीक असल्यामुळे गाळासारखा गोळा होत नाही, दोर होतो. चौदा धाग्यांचा, पीळ घातलेला, जवळपास २० नॅनोमीटर जाडीचा. दोर जाडीला वाढत नाही, लांबीला वाढतो. जाड व्हायचं तर बाहेरच्या धाग्यांना पिळामुळे ताणावं लागतं, आणि ती किंमत परवडत नाही. इथेही तीच स्पर्धा. असे असंख्य दोर पेशीत आडवेतिडवे वाढले की ती ताठ होते, विळ्यासारखी वाकते आणि केशवाहिनीत अडकते. त्या मुलीचे पाय दुखायचे ते यामुळे.

ही ओढ तेलकटपणाची आहे याचा एक पुरावा सांगते. ऑक्सिजन काढून घेतलेलं हे हिमोग्लोबिन काचेच्या नळीत गोठवलं आणि नळी बर्फात ठेवली, तर ते पुन्हा पातळ होतं! आपला नेहमीचा अनुभव उलटा. पाण्यातली तेलकट जागांची ओढ थंडीत दुबळी पडते, म्हणून. मग रुग्णाला थंडीत त्रास जास्त का? कारण थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, आणि पेशीला ऑक्सिजनविना जास्त वेळ काढावा लागतो. वेळ हा या आजारातला कळीचा शब्द आहे.

दोर लगेच होत नाहीत. सुरुवातीचा छोटा गुच्छ जमायला अवघड असतो. तोवर काही दिसत नाही, आणि मग एकदम भराभर. या थांबण्याच्या काळाची मोजणी १९७४ मध्ये झाली आणि निकाल अचाट निघाला. हा काळ पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटीवर इतका अवलंबून असतो, की दाटीचा पंधरावा ते तिसावा घात घ्यावा लागतो. घात पंधराच धरा. दाटी फक्त १० टक्क्यांनी कमी झाली तर उसंत जवळजवळ पाचपट वाढते. उलट शरीरातलं पाणी कमी होऊन पेशी थोडी आटली, तर उसंत तितकीच झपाट्याने घटते. डॉक्टर या रुग्णांना ‘पाणी पी, पाणी पी’ म्हणून मागे लागतात, ते काही उगाच नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या मुलाला हे कोणी समजावून सांगतं का, मला शंका आहे.

आता आपल्या वयाच्या लोकांसाठी थोडं. आपली मुलं लग्नाची झाली, काहींना नातवंडं आहेत. ज्याला आईवडिलांपैकी एकाकडूनच हा जनुक आला तो वाहक. त्याच्या पेशीत दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन मिसळलेलं असतं, सिकलचं निम्म्याहून कमी, म्हणून उसंत भरपूर मिळते आणि सहसा काही त्रास होत नाही. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. उलट, फॅल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर आजारापासून वाहकाला संरक्षण मिळतं, हे ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवलं. जिथे मलेरिया पूर्वापार, तिथे हा जनुक टिकून राहिला तो त्यामुळेच. दोन वाहकांचं लग्न झालं तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. जोडीदार वाहक नसेल आणि त्याला थॅलसेमियासारखा दुसरा दोष नसेल, तर मूल रुग्ण होत नाही. तेव्हा ‘पॅटर्न निघाला’ म्हणून मुलीचं स्थळ परत पाठवू नका, मुलाची तपासणी करा. सरकारची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली आहे, चाळीस वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं तिचं उद्दिष्ट आहे.

पहिली चाचणी तुम्हाला आवडेल, कारण ती म्हणजे आपली तुरटीच आहे, उलटी. नळीत फॉस्फेट क्षाराचं तीव्र द्रावण, ऑक्सिजन काढून घेणारं रसायन आणि रक्ताचा थेंब. क्षाराने विरघळणं अवघड केलेलं, ऑक्सिजन काढल्याने ओढ वाढवलेली. नळीमागे काळ्या रेषांचा कागद धरतात. रेषा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेषा झाकल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. कणांचं गोळा होणं आपण तिथे डोळ्यांनी पाहतो. या चाचणीतून वाहक की रुग्ण ते कळत नाही, नवजात बाळात ती चालत नाही. त्यासाठी पुढची चाचणी करतात. त्या पुढच्या चाचण्यांपैकी एक पॉलिंगचीच, विजेच्या क्षेत्रात सरकवण्याची.

(व्याख्यानानंतर आपल्या सरांनी विचारलेला प्रश्न: “हे दोर होणं थांबवता येत नाही का?”)

सर, येतं, काही प्रमाणात, आणि ते कसं हे निसर्गानेच दाखवलं आहे. नवजात बाळाला हा आजार असला तरी पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही. जॅनेट वॉटसन या डॉक्टरांनी १९४८ मध्ये याचं कारण सुचवलं: पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं आणि जन्मानंतर ते हळूहळू जातं. पुढे कळलं, की त्या हिमोग्लोबिनच्या साखळीत जिथे शेजाऱ्याला टेकायचं तिथलं अमिनो आम्ल वेगळं आहे, त्यामुळे ते दोरात बसतच नाही. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने मंजूर केलेला जनुक-संपादनाचा उपचार बाळाचं हेच हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो, पण त्याची किंमत आपण इथे बोलून उपयोग नाही. आपल्याकडे मिळते ती हायड्रॉक्सीयुरियाची गोळी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक काळाने रक्त तपासून घ्यायची असते, आणि गरोदरपणी सहसा थांबवतात. तिने दोन गोष्टी होतात. बाळाचं हिमोग्लोबिन वाढतं, आणि पेशी थोडी मोठी होते, म्हणजे आतली दाटी कमी होते. त्या पंधराव्या घातामुळे एवढ्याशा बदलानेही उसंत वाढते. पेशीला केशवाहिनीतून निघून फुप्फुसात परत पोचायला दहा-पंधरा सेकंद लागतात, तिथे ऑक्सिजन मिळाला की दोर पुन्हा विरघळतात. गोळीने तिला तेवढे सेकंद मिळवून द्यायचे असतात.